आमच्या शाळेचा पट

यंदा आमच्या शाळेचा पट 19 आहे. पहिलीत 4, दुसरीत 5, तिसरीत 4 आणि चौथीत 6. मुले 19, शिक्षक दोन, खोल्या दोन, पुढे व्हरांडा आणि मागे परसबाग. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या आमच्या गावाची ही जिल्हा परिषदेची मराठी शाळा. 11 मुले आमच्या मोहल्ल्यातली आणि 8 वरच्या कुणबीवाडीतली. सकाळी मकतबमधून आमची मुले टोप्या सावरत उतरतात, वाडीतली मुले पऱ्या ओलांडून येतात आणि दोन्ही घोळके फाटकाशी एक होतात.

आम्ही या शाळेच्या व्यवस्थापन समितीतल्या आया. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याने गावातल्या आईबापांना एक जागा दिली, ती ही समिती. तीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. पुष्कळ ठिकाणी ही नावे कागदावरच राहतात. सह्यांची वही घरी येते, बाई सही करते, चहा होतो. आमच्याकडेही पूर्वी तसेच होते. आता महिन्यातून एकदा आम्ही शाळेच्या व्हरांड्यात बसतो, मागच्या बैठकीचे इतिवृत्त वाचून घेतो आणि मगच सही करतो. वर्षभराच्या बातम्या आणि पुढचे बेत वाचक बंधू-भगिनींना सांगावेत असे आमच्यापैकी सर्वांच्या मनात आले. कारण आमची शाळा लहान असली तरी तिच्यापुढचा प्रश्न एकट्या आमच्या गावाचा नाही.

पट असा खाली का आला, हे कोणाला विचारायला नको. कोकणातल्या कुठल्याही मोहल्ल्यात फिरा. निम्म्या घरांना कुलूप दिसेल. कुटुंबे मुंब्रा, कौसा, मीरा रोडला गेली. पुरुष कुवेत, दुबई, सौदीला. वाडीतली तरुण माणसे मुंबईला. जी घरे उघडी आहेत त्यांतल्या काही दारांत सकाळी पावणेसातला पिवळी व्हॅन उभी राहते आणि मुलांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घेऊन जाते. उरलेली मुले ती आमच्या शाळेची.

कायदा म्हणतो, पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा हवी आणि 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. पण 2023 साली छोट्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार शासनाने पुढे आणला आणि 2024 साली शिक्षकांच्या संचमान्यतेचे निकष बदलले. तेव्हापासून 20 हा आकडा आमच्यासारख्या शाळांच्या उरावर बसला आहे. महाराष्ट्रात 20 पेक्षा कमी मुलांच्या हजारो शाळा आहेत. आज एक शिक्षक जाईल, उद्या शाळाच दुसरीकडे हलवतील, ही धाकधूक त्या प्रत्येक गावात आहे.

आमच्या गावापासून केंद्रशाळा चार किलोमीटर. मध्ये दोन पऱ्ये. एकावर पूल आहे, दुसऱ्यावर नुसता साकव. जुलैच्या पावसात त्या साकवावरून मोठी माणसे जपून जातात, तिथे सहा वर्षांचे मूल कसे जाईल? आणि गाडीची सोय झाली नाही तर घरी आधी कोण बसेल, हे आम्हाला पुस्तकात वाचायला नको. समितीतल्या आम्हा सात जणींपैकी तिघींचे शिक्षण सातवीत थांबले. हुशारी कमी नव्हती. आठवीची शाळा लांब होती, एवढेच. तेव्हा सातवीत थांबल्या, आता पहिलीतच थांबतील का, ही खरी चिंता आहे. पटाचा आकडा आमच्या दृष्टीने मुलींचा आकडा आहे.

आता बातम्या सांगतो.

पहिली बातमी वाचनाची. 15 ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात तो 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. राष्ट्रपतिपदापर्यंत पोहोचलेल्या या माणसाचे शिक्षण रामेश्वरमच्या साध्या प्राथमिक शाळेत सुरू झाले होते. यंदा त्या दिवशी मॅडमनी भाषणे ठेवली नाहीत, चावडी वाचन ठेवले. मोहल्ला आणि वाडी यांच्या मधल्या पारावर सतरंजी अंथरली. मुलांनी एकेक करून उठावे, गावातल्या कोणीही पुस्तकाचे कोणतेही पान उघडून द्यावे आणि मुलाने ते मोठ्याने वाचावे, असा नियम. पाठ केलेला उतारा चालणार नाही.

तिसरीतल्या एका मुलीने अख्खे पान न अडखळता वाचले. दुसरीतल्या मुलांनी वाक्ये वाचली. पण तिसरीतलाच एक मुलगा आणि चौथीतली एक मुलगी जोडाक्षरांशी अडली ती अडलीच. मंडळींत चुळबुळ झाली. तेव्हा मॅडम उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, "या दोघांना अजून वाचता येत नाही. मार्चपर्यंत येईल. घरून रोज पंधरा मिनिटे द्या, शाळेतून अर्धा तास मी देते."

त्या गर्दीत मागे एक बाप उभे होते. त्यांची दोन्ही मुले व्हॅनने इंग्रजी शाळेत जातात. नंतर ते आमच्यातल्या एकीला म्हणाले, "भाभी, आमच्याकडे प्रगतीपुस्तकावर सगळे ए प्लस येते. पण मुलाला काय येत नाही, ते आजवर कोणी सांगितलं नाही." हे बोलणे आम्ही लक्षात ठेवले.

त्या दोन मुलांचे सांगायचे तर, मगरीबनंतर मोहल्ल्यातल्या मुलाची दादी त्याला पुस्तक घेऊन बसवू लागली. दादीला वाचता येत नाही. ती फक्त समोर बसते आणि तो थांबला की म्हणते, "पुढे?" वाडीतल्या मुलीची जबाबदारी तिच्या चुलतबहिणीने घेतली. मार्चअखेर दोघांनी परिच्छेद वाचून दाखवला. मुलगा अजून 'क्ष'ला थबकतो. थबकू दे. थबकून पुढे जातो, हे पुष्कळ झाले.

दुसरी बातमी पोषण आहाराची. नियमाने पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी. जेवण वाढण्यापूर्वी मोठ्या माणसाने ते चाखून चव नोंदवहीत सही करायची. आम्ही पालकांनी या चवीच्या पाळ्या लावून घेतल्या आहेत. स्वयंपाक करणाऱ्या आपा मोहल्ल्यातल्या. यंदा रमजान शाळेच्या दिवसांत आला. लहान मुलांना रोजे नसतात आणि वाडीतली मुले तर जेवणारच. आपांनी एकही दिवस सुट्टी घेतली नाही. रोजा ठेवून, चुलीच्या धगीत उभ्या राहून त्यांनी 19 मुलांची खिचडी शिजवली. पण मीठ चाखणार कोण? मोहल्ल्यातल्या ज्यांच्या पाळ्या, त्यांचेही रोजे. वाडीतल्या वहिनींनी आपण होऊन महिनाभराच्या सगळ्या पाळ्या घेतल्या. "जुलैमध्ये आम्ही लावणीला शेतात असतो, तेव्हा तुम्ही सांभाळता ना," एवढेच त्या म्हणाल्या. लावणीच्या दिवसांत मोहल्ल्यातल्या बायका पाळ्या घेतात आणि पाऊस फार झाला की वाडीची मुले शाळा सुटल्यावर आमच्याच ओट्यांवर थांबतात. हा करार कुठे लिहिलेला नाही. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याचा पहिला डबा आपांनी वाडीत पाठवला.

तिसरी बातमी परसबागेची. लाल माठ, मुळा, चवळी आणि भेंडी यंदा चांगली आली. शेवग्याला पहिल्यांदा शेंगा लागल्या. चौथीच्या मुलांनी रोज पाणी घातले, वाफे मोजून क्षेत्रफळाची गणिते केली आणि जादा मुळा बालआनंद मेळाव्यात विकला. दहा रुपयांच्या जुडीला पन्नासची नोट दिली तर परत किती, हे त्यांनी फळ्यावर नव्हे, गिऱ्हाइकासमोर शिकून घेतले. एका चाचांनी मुद्दाम कमी पैसे दिले तर दुसरीतल्या पोराने त्यांचा सदरा धरला. चाचा खुश होऊन दोन जुड्या जास्त घेऊन गेले.

चौथी बातमी आधारची. ही बातमी पुष्कळ घरांना उपयोगी पडेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. शिक्षक किती द्यायचे ते 30 सप्टेंबरच्या पटावरून ठरते आणि त्यात ज्या मुलांचे आधार शाळेच्या नोंदीशी जुळते, तीच मुले धरतात. आमची 19 मुले वर्गात बसत होती, पण संगणकात 17च दिसत होती. दोघांच्या नावाचा घोळ होता. आपल्याकडे 'मोहम्मद' हे नाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहितात. कोणी पूर्ण, कोणी नुसते 'मो.'. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरे, शाळेच्या रजिस्टरवर तिसरे. एका मुलाची जन्मतारीखही वेगळी पडली होती. गुरुजींनी कागद काढून दिले आणि आम्ही दोघी मुलांना घेऊन तालुक्याला तीन खेपा घातल्या. पहिल्या दिवशी मशीन बंद, दुसऱ्या दिवशी रांग संपण्याआधी वेळ संपली, तिसऱ्या दिवशी काम झाले. वाचक भगिनींनो, आपल्या घरात शाळेत जाणारे मूल असेल तर आजच जन्मदाखला, आधार आणि शाळेची नोंद ही तिन्ही एका ओळीत ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. मूल वर्गात बसलेले असूनही मोजले जात नाही, याच्यासारखे दुःख नाही.

आता पुढच्या वर्षाचा हिशेब. चौथीची 6 मुले यंदा बाहेर पडतील. उरतात 13. अंगणवाडीतून पहिलीत येणारी 4. म्हणजे 17. मार्चच्या बैठकीत गुरुजींनी हा आकडा फळ्यावर लिहिला आणि खडू खाली ठेवला. थोडा वेळ कोणी बोलले नाही.

मग आम्ही घरोघर गेलो. जाताना ठरवले होते की इंग्रजी शाळेची निंदा करायची नाही. ज्या आईने दागिना मोडून फी भरली आहे तिला 'तू चुकलीस' म्हणून काय साधणार? तिची आशा खरी आहे. आखातात इंग्रजीवाचून माणसाचे कसे अडते, हे तिच्या नवऱ्याने तिला फोनवर शंभर वेळा सांगितलेले असते. आम्ही फक्त दोन-तीन गोष्टी पुढे ठेवल्या. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. पुस्तके मोफत, जेवण मोफत. घरात आपण जी कोकणी बोली बोलतो ती ऐकून वाढलेल्या मुलाला मराठीतून सांगितलेले गणित लवकर उमगते आणि एक भाषा पक्की झाली की दुसरी तिच्या आधाराने चढते. शाळा घराजवळ असल्याने सकाळचे मकतब सुटत नाही. व्हॅनवाल्या मुलांचे नेमके तेच सुटते.

एका घरी कुवेतहून फोन चालू होता. आमचे बोलणे ऐकून पलीकडून भाऊ म्हणाले, "फी मी भरतो ना, मग तुम्हाला कसली फिकीर?" त्यांच्या बायकोने फोन हातात घेतला आणि शांतपणे उत्तर दिले, "फी तुम्ही भरता हो. पण संध्याकाळी तो दमून येतो, पुस्तक उघडतो आणि मला विचारतो. मला त्यातलं वाचता येत नाही. मराठी पुस्तक असलं तर मी त्याच्याबरोबर बसेन." पलीकडे शांतता. मग भाऊ म्हणाले, "मी जुलैत येतो, तेव्हा बोलू." हे नाव आम्ही अजून धरलेले नाही.

पारावर मागे उभे राहिलेले ते बाप मात्र आपण होऊन आले. दोन्ही मुले जूनमध्ये आमच्या शाळेत. 19 झाले. आणखी एक कुटुंब मुंब्र्याहून गावी परतायच्या विचारात आहे. भाड्याची खोली सोडावी, घराची डागडुजी करावी, असे त्यांचे चालले आहे. त्यांची मुले दोन, तिसरीत आणि पहिलीत जाणारी. ती आली तर 21. गुरुजींच्या वहीत ही दोन नावे पेन्सिलीने लिहिलेली आहेत. बाकीची शाईने.

इमामसाहेबांनी जुम्याच्या नमाजनंतर शाळेच्या नोंदणीची आठवण करून दिली. त्याच आठवड्यात वाडीच्या देवळातल्या बैठकीतही तोच निरोप गेला. शाळेसाठी दोन्हीकडून एकच शब्द बाहेर पडला, ही आमची वर्षातली शेवटची बातमी आणि सर्वांत मोठीही.

आता पुढचे बेत. एप्रिलमध्ये शाळा पूर्वतयारी मेळावा, 'पहिले पाऊल'. पहिलीत येणारी मुले आयांसह येतील. रंग ओळखणे, उड्या मारणे, वस्तू मोजणे, गोष्ट सांगणे अशी टेबले मांडली जातील आणि सुट्टीत घरी काय करून घ्यायचे ते आयांना समजावून दिले जाईल. पुस्तकाची घाई नको. ताटातली बोंबलाची तुकडी मोजली, आजीबरोबर शेंगा सोलल्या, कपड्यांच्या घड्या लहान-मोठ्या लावल्या, तरी पुष्कळ तयारी होते.

1 मे रोजी महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन आणि निकाल. त्याच दिवशी चौथीच्या 6 मुलांचा निरोप. त्यांतल्या 4 मुली आहेत. चौघींची पाचवीची नावे शेजारच्या गावातल्या शाळेत घालायची, चौघींनी एकत्र जायचे-यायचे आणि पावसाच्या दिवसांत पाळीपाळीने एका मोठ्या माणसाने साकवापर्यंत सोबत करायची, हे ठरले आहे. पहिल्या आठवड्याच्या पाळ्या लावूनही झाल्या.

मे महिन्यात मुंबईकर मंडळी आणि आखातातून रजेवर आलेले भाऊ गावात असतात. लग्ने असतात, आंबे असतात. त्यातली एक संध्याकाळ आम्ही शाळेसाठी मागून घेतली आहे. व्हरांड्याची कौले शाकारायची आहेत आणि पाण्याची टाकी गळते. पैसे देणाऱ्यांना आमची विनंती आहे की आधी शाळेत येऊन बसा, एखाद्या मुलाच्या हातात पुस्तक द्या, त्याला वाचायला लावा आणि मग काय द्यायचे ते ठरवा. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी कौले उतरवायला यावे.

15 जूनला शाळा उघडेल. नव्या मुलांना गुलाबाचे फूल आणि पुस्तके मिळतील, आपा गोड भात करणार आहेत. 30 सप्टेंबरला पट मोजला जाईल. 15 ऑक्टोबरला पुन्हा पारावर चावडी वाचन. 11 नोव्हेंबरला देशाचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांची जयंती, म्हणजे राष्ट्रीय शिक्षण दिन. त्या दिवशी आयांची वाचनाची वही सुरू करायची आहे. ज्या दादीने नातवासमोर बसून "पुढे?" म्हटले, तिचे नाव त्या वहीत पहिले आहे. तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "माझं आता काय वय आहे का?" नातू म्हणाला, "दादी, मी समोर बसेन."

वाचकहो, आपण मुंबईत असा, पुण्यात असा की परदेशात, आपल्या मूळ गावात अशी एक शाळा असेल. सुट्टीत गावी गेलात तर तिचा पट किती ते विचारा. व्यवस्थापन समितीची बैठक कधी असते ते विचारा. आपल्या घरातली कोणी बाई तिच्यात असेल तर तिला बैठकीला जाऊ द्या आणि त्या दिवशी घरचे जेवण तुम्ही करा. आणि गावी परतायचा विचार असेल, मुले लहान असतील, तर शाळेला आधी कळवा. कुठल्यातरी गुरुजींच्या वहीत तुमच्या मुलाचे नाव पेन्सिलीने लिहिलेले असेल. इन्शाअल्लाह, ते शाईने लिहिता येईल.